अंगठ्याखालचा आकडा : भरभराटीच्या भीतीचे एक प्रकरण

पहिल्या भेटीत नानांनी खिशातून केळीच्या विक्रीची पट्टी काढली, तिच्या चार घड्या उलगडून ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि रकमेच्या आकड्यावर अंगठा दाबून धरला. "भाव चांगला लागला, एवढं समजून घ्या," ते म्हणाले. किती लागला, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही, आणि तो आकडा त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हता, हे मला पुढे कळले. समुपदेशनाच्या नोंदवहीत मी त्या दिवशी एकच ओळ लिहिली : नुकसान काहीही झालेले नाही; तक्रार बरे चालल्याची आहे.

हे प्रकरण नाना आणि त्यांच्या थोरल्या वहिनी या दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. नाना चोपडा तालुक्यातले, वय ५२, शिक्षण बारावीपर्यंत. तीन एकर मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) आणि दोन एकर कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) अशी त्यांची पाच एकर केळी आहे, म्हणजे पाच बाय साडेपाच फुटांच्या लागवडीने आठ हजारांच्या आसपास खोडे, आणि त्याशिवाय थोडी कोरडवाहू ज्वारी. लागोपाठ दोन मोसम त्यांना क्विंटलला दोन हजारांच्या पुढे भाव मिळाला होता, मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, पत्नीचे गुडघ्याचे ऑपरेशन यशस्वी झाले होते आणि दिवाळीच्या आधी नव्या घराचे काम पूर्ण झाले होते. जानेवारीत मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली तेव्हा ते घर तीन महिने कुलपात होते. पंख्यांच्या पात्यांवरचे प्लॅस्टिकही निघाले नव्हते, आणि कुटुंब शेजारच्याच जुन्या धाब्याच्या घरात राहत होते, ज्याच्या मातीच्या छतातून दर पावसाळ्यात एका ठरावीक कोपऱ्यात पाणी ठिबकत असे.

वास्तू का केली नाही, असे कोणी विचारले की नाना पैसे संपल्याचे सांगत, आणि ते खरे नव्हते. ते रात्री दोन-दोन वेळा उठून मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पाहत. बागेच्या चारही कोपऱ्यांना काळ्या बाहुल्या टांगलेल्या होत्या, ट्रॅक्टरला बिबा आणि लिंबू-मिरची होती, दर शनिवारी मीठ-मोहरीने घरादाराची दृष्ट काढली जात होती. मुलीने वर्गात पहिली आल्याचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला, तर त्यांनी तो तासाभरात काढायला लावला. पाहुण्यांत कोणी मोठ्याने हसले की ते उठून बाहेर जात, कारण जास्त हसले की रडावे लागते, ही म्हण त्यांच्या घरात कायद्यासारखी पाळली जात होती. त्यांची सगळी तक्रार त्यांनी स्वतःच अहिराणीत एका वाक्यात मांडली : "आते बरं चाली ऱ्हायनं, पन कितला दिन?"

वैद्यकीय तपासणी आधी करून घेतली. रक्तदाब, थायरॉइड, साखर, सारे ठीक होते. चिंताविकाराची काही लक्षणे होती, परंतु ती केवळ भरभराटीच्या विषयाभोवती जमलेली होती. कर्ज, आजारपण किंवा भांडण अशा प्रसंगी हाच माणूस गावात सगळ्यांत थंड डोक्याचा समजला जात असे. दृष्ट लागते, हा त्यांचा समज एकट्याचा नव्हता, आणि जो समज अख्ख्या समाजात रुजलेला असतो त्याला मानसोपचाराच्या अर्थाने भ्रम म्हणता येत नाही. त्यामुळे औषधाचा विचार बाजूला ठेवून बोलण्याचाच मार्ग धरला.

येथे माझी चूक नोंदवतो. दुसऱ्या भेटीत मी त्यांच्याशी वाद घातला. एका ज्योतिषाने त्यांना साडेसातीची भीती घातली होती, म्हणून मी कागदावर हिशेब मांडला : शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे, साडेसाती एकाच वेळी तीन राशींना असते, म्हणून कोणत्याही दिवशी जगातली सुमारे एक चतुर्थांश माणसे साडेसातीत असतात, तुमच्या चार हजार वस्तीच्या गावात आज हजार माणसे साडेसातीत आहेत, त्या हजारांचे आणि उरलेल्या तीन हजारांचे नशीब वेगळे दिसते का? हिशेब बिनचूक होता. नाना नमस्कार करून गेले आणि नंतर तीन आठवडे आलेच नाहीत. त्यांच्या भीतीला मी अडाणीपणा ठरवले होते आणि ते त्यांना बरोबर कळले होते. ते पुन्हा आले ते मुलीच्या आग्रहाखातर, आणि तेव्हा मी प्रश्नच बदलला : ही भीती तुमच्याकडे आली कुठून?

ते अकरा-बारा वर्षांचे असताना, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास नात्यातल्या एका लग्नात, त्यांच्या वडिलांनी मांडवात चार माणसांना ऐकू जाईल असे म्हटले होते की यंदा आपल्यासारखा बाग तालुक्यात नाही. पंधरा दिवसांत वादळ आले आणि घडांनी लगडलेला बाग अर्ध्या तासात आडवा झाला. वडील बांधावर बसून एकच वाक्य म्हणत होते, "बोललो म्हणून गेलं." हे वाक्य त्या मुलाच्या मनात चाळीस वर्षे तसेच राहिले. त्या वर्षाच्या कर्जामुळे थोरल्या भावाची शाळा सुटली, म्हणजे वाक्याला किंमतही मोजावी लागली होती.

मी त्यांना एक काम दिले. त्या वादळात आणखी कोणाचे बाग पडले आणि त्यांपैकी कोणी आधी बढाई मारली होती, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचे. ते मनापासून विचारत फिरले, कारण वडिलांचा विषय होता. नदीच्या दोन्ही काठांवर बाग पडले होते. ज्याच्या तोंडून वर्षात बरा शब्द निघत नसे अशा एका कुरकुऱ्या गृहस्थाचा बाग तर मुळासकट गेला होता, आणि एका बडबड्या शेतकऱ्याचा बाग गजराज गवताच्या दाट कुंपणाआड होता म्हणून वाचला होता. नाना हे सांगताना हसले. आमच्या खोलीत ते हसल्याची ही पहिली नोंद आहे.

या ठिकाणी मला तात्त्विक भागावर थोडे थांबावे लागेल, कारण अशा भीतीला 'निराधार' म्हणून मोकळे होणे ही समुपदेशकांची नेहमीची सवय आहे आणि ती चुकीची आहे. ही भीती अनुभवाने खोटी ठरत नाही, कारण ती ज्याचे भाकीत करते ते बहुधा घडतेच. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या नोंदी मांडून दाखवले की फार उंच जोडप्यांची मुले उंच असली तरी सरासरीच्या दिशेने थोडी खाली सरकतात. ज्या गोष्टीत योगायोगाचा वाटा मोठा असतो, तेथे असामान्य वर्षानंतर बहुतेक वेळा साधारण वर्ष येते. दोन हजारांच्या भावानंतर बाराशेचा भाव येणे हा बाजाराचा स्वभाव आहे. पण ज्याने चांगल्या भावाच्या वर्षी पेढे वाटले त्याला पेढ्यांमुळे भाव पडला असे वाटते, आणि ज्याने वाटले नाहीत त्याला आपण कुठेतरी हसलो असणार असे आठवते. उताराला कारण लागत नाही, हे माणसाला पटणे अवघड जाते. शिवाय कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे, मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गेलेल्या रुपयाचे दुःख जास्त बोचते. त्यामुळे जाण्याचा विचार येण्याच्या सुखावर सहज मात करतो.

दुसरा धागा मानववंशशास्त्रातला आहे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या कोळ्यांविषयी लिहिले आहे की शांत खाजणातल्या मासेमारीसाठी ते कोणताही मंत्रतंत्र करत नसत, पण खोल समुद्रात, जिथे धोका आणि बेभरवसा दोन्ही होते, तिथे जाताना विधींची मोठी तयारी चाले. हे वाचलेले असल्यामुळे मी नानांना विचारले की ज्वारीच्या शेताला किती बाहुल्या टांगल्या आहेत. एकही नव्हती. "ज्वारीला कोण नजर लावतं?" ते म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. ज्वारीत फार मिळत नाही आणि फार जातही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तापीकाठचा वारा घडाच्या वजनाने वाकलेले खोड मोडतो, आणि सकाळी दिसणारी रक्कम संध्याकाळी जमिनीवर पडलेली असते. बाहुल्या होत्या त्या तिथेच.

म्हणून "काही होणार नाही" असे मी त्यांना कधीच सांगितले नाही, कारण होऊ शकते. आम्ही वहीचे एक पान मधोमध दुमडले. डाव्या बाजूला वाऱ्याविरुद्ध जे करता येते ते लिहिले : बांधावर शेवरी आणि गजराज गवताचा पट्टा, निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) झाडांना पट्टीने बांधणे किंवा बांबूचा टेकू, फळपीक विमा, बँकेतली ठेव. उजव्या बाजूला जे करता येत नाही ते. मग त्यांनी गेल्या वर्षात प्रत्यक्ष काय केले ते त्यासमोर मांडायला सांगितले, आणि तेव्हा या प्रकरणातली एक कडू गोष्ट बाहेर आली. केळीच्या हवामान आधारित विम्याची मुदत ऑक्टोबरअखेर संपते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नाना एका तीर्थक्षेत्री ग्रहशांतीसाठी गेले होते. परत आले तेव्हा मुदत टळून गेली होती. शांतीचा आणि प्रवासाचा खर्च बांबूच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास होता. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले, काही बोलले नाहीत, आणि त्याच आठवड्यात बांबू सांगितले.

सगळ्या नजरांत त्यांना सर्वांत जास्त भीती कोणाच्या नजरेची वाटते, हे विचारायला मला पाचवी भेट उजाडली. त्यांनी खाली पाहत उत्तर दिले : थोरल्या वहिनीची. भाऊ नऊ वर्षांपूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हते, आणि वहिनी त्याच जुन्या घराच्या अर्ध्या भागात वेगळी चूल मांडून राहत होत्या. वास्तूला त्यांना बोलवावे लागेल, त्या घर पाहतील, आणि निपुत्रिक विधवेची दृष्ट घराला लागेल, असे नानांच्या वृद्ध आईचे म्हणणे होते. वास्तू अडली होती ती इथे. श्रावणात खान्देशातली कानबाई देवी घरात बसते तेव्हा रोटाच्या दळणापासून गंगाफळाच्या भाजीपर्यंत सारे याच वहिनींच्या हाताने होत असे, आणि कानबाईचा रोट भाऊबंदांतच खाल्ला जात असल्यामुळे त्या घरच्याच मानल्या जात. मात्र नव्या घराच्या उंबऱ्यापाशी आल्या की त्या परक्या ठरत होत्या. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना होत आल्या आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तसे ठरवणे हा गुन्हा केला आहे. नानांचे घर त्यापासून फार दूर होते, वहिनींना कोणी वाईट शब्द बोलले नव्हते. पण वाट तीच आहे आणि तिची सुरुवात न बोलावण्यापासून होते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

मग मी विचारले, वहिनींना तुमचा हेवा वाटावा असे काही कारण आहे का? बराच वेळ उत्तर आले नाही. नंतर त्यांनी पुन्हा ती जुनी पट्टी काढली. कांदेबागेची दोन एकर जमीन भावाच्या हिश्श्याची, म्हणजे वहिनींची होती. नाना ती मक्त्याने करत होते, आणि मक्त्याची रक्कम भाऊ वारला त्या वर्षी ठरली होती ती तशीच होती, दुप्पट-तिप्पट भाव मिळालेल्या दोन मोसमांतही एका रुपयाने वाढली नव्हती. अंगठ्याखालचा आकडा वहिनींच्या शेतातून आलेला होता.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकातून मला मिळाली नसती. दृष्टीची भीती माणूस सरसकट सगळ्यांची बाळगत नाही. ज्याच्याशी हिशेब राहिलेला असतो त्याच्या डोळ्यांची ती जास्त वाटते. नाना अप्रामाणिक नव्हते. भाव पडला तर वाढवलेला मक्ता परवडणार नाही, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' असे त्यांनी दोनदा ठरवले होते, म्हणजे तिथेही जाण्याच्या भीतीनेच देणे थांबवले होते. आपले सुख दुसऱ्याच्या थकबाकीवर उभे आहे हे आतून ठाऊक असताना ते भोगता येत नाही, आणि मग ती खंत नजर, ग्रह, बाहुली अशी परकी रूपे घेते. मी हे त्यांना इतक्या शब्दांत सांगितले नाही. मक्त्याऐवजी विकलेल्या मालाचा ठरावीक हिस्सा द्यायचा, म्हणजे भाव चढला तर दोघांचा चढेल आणि पडला तर दोघांचा पडेल, ही तोड त्यांनीच काढली.

पट्टी वहिनींना वाचून दाखवायची, असे ठरले. त्या दिवसाचे वर्णन मला दोघांकडून स्वतंत्रपणे मिळाले आणि ते तंतोतंत जुळते. नानांनी ओसरीवर बसून आकडा मोठ्याने वाचला. डोक्यावरचा पदर सारखा करत वहिनींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "एवढेच का भाऊ? गावात तर याच्या दुप्पट बोलतात." दोन वर्षे झाकून ठेवलेला आकडा लोकांच्या तोंडी फुगत गेला होता, आणि ज्यांच्यापासून तो लपवला त्यांना खऱ्यापेक्षा मोठा आकडा केव्हाच माहीत होता.

वास्तू आखाजीला झाली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे वेगळा मुहूर्त काढावा लागला नाही. तो पाहू नये असा आग्रह मी धरला नव्हता, कारण मुहूर्ताने कोणाचे नुकसान होत नव्हते. मला बोलावणे होते म्हणून मी गेलो. परसात चुलीवर खापर पालथे घातले होते आणि वहिनी पुरणाचे मांडे करत होत्या : पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत सरकवत, रुमालासारखा पातळ होईपर्यंत त्या तो वाढवत आणि एका झोकात तापलेल्या खापरावर टाकत. नाना आमरसाचे पातेले घेऊन पंगतीत फिरत होते. कोणीतरी म्हटले, "नाना, घर एक नंबर झालं." त्यांची सवयीची उत्तरे मला पाठ होती : जेमतेम आहे, कर्ज काढलं, कशाचं काय. ते क्षणभर थांबले, आणि "हो, चांगलं झालंय, आत जाऊन पाहा," म्हणाले. घाम मात्र आला होता. पुढच्या भेटीत त्यांनीच कबूल केले की त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आले. मृगबागेतली सहाशेच्या आसपास खोडे घडांसह पडली. बांबू लावलेल्या ओळी बऱ्याचशा उभ्या राहिल्या, पण बांबू सगळीकडे पुरले नव्हते, बांधावरची शेवरी जेमतेम गुडघ्याएवढी होती आणि विमा नव्हता. सकाळी नानांच्या आईने ओसरीवरून म्हटले, कोणाला घरात घेतलं ते बघा आता. ज्या प्रसंगासाठी आम्ही चार महिने बोलत होतो तो हाच होता, आणि मी तिथे नव्हतो. नानांनी आईला एवढेच विचारले की काल रात्री तापीच्या दोन्ही काठांना केळी पडली, त्या सगळ्यांनी वहिनींनाच घरात घेतलं होतं का? आई गप्प बसली. तिचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. नाना त्यानंतर दोन रात्री झोपले नाहीत, तिसऱ्या दिवशी मजूर लावून पडझड साफ केली, आणि नुकसानीचा आकडा वहीत लिहून त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : "आखाजीला जेवलो ते यात धरलेले नाही."

पुढच्या मोसमात भाव निम्म्यावर आला. हिश्श्याचा करार असल्यामुळे वहिनींनाही कमी मिळाले आणि त्यांनी त्याबद्दल चार शब्द ऐकवले, जे मला निरोगी लक्षण वाटते. विमा ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात भरला गेला. रात्रीचा वाऱ्याचा अंदाज नाना अजून पाहतात, मात्र एकदाच, आणि तोही फक्त फेब्रुवारी ते जून. मुलीच्या पदवीचा फोटो स्टेटसला पूर्ण दिवस राहिला. बागेतल्या चार बाहुल्यांपैकी तीन उन्हाने विरून पडल्या आणि नव्या लावल्या गेल्या नाहीत. चौथी आहे. ट्रॅक्टरचा बिबाही जागेवर आहे, त्याबद्दल मी अद्याप काही विचारलेले नाही.